न भिजवलेला तुकडा

आई, आज दुपारी मी आंटींच्या घरी जाऊन आले. आंटी म्हणजे पहिल्या बाकावरच्या दीदीची आई, हे तुला सांगायला नकोच. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या फाटकाची बेल वाजवली. तू जाऊन सोळा वर्षं झाली आणि या सोळा वर्षांत मी तुझ्याशी मनातल्या मनात खूप बोलले आहे, पण ते बहुतेक भांडणच असायचं. भाजी फोडणीला टाकताना, शाळेत पेपर तपासताना, स्कूटर लाल सिग्नलला थांबली की. आज लिहायला बसले, कारण बोलताना मी नेमकं महत्त्वाचं वाक्य गाळते. ही माझी खोड तुला ठाऊक होती. किती ठाऊक होती, हेच मला अजून कळलेलं नाही.

बाबांची बदली चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत झाली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. फौजी माणसाचं बिऱ्हाड विंचवासारखं पाठीवर, त्यामुळे इथूनही तीन वर्षांत उठायचं असंच आपण धरून चाललो होतो. पण मग तुला सेक्टर ३२ च्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली, बाबा इथूनच रिटायर झाले आणि आपण इथलेच होऊन गेलो. नगरची बोली काही तुझ्या जिभेवरून हलली नाही. चर्चमध्ये उपासना हिंदीत, गाणी अर्धी पंजाबीत, आणि तू शेवटच्या बाकाशी जाऊन तुझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणतेस, "आप आगे बैठो जी, बच्चा इधरसे क्या देखेगा?" ती माणसं, अपंग मुलांचे आईबाप, दाराजवळ बसायची. मूल ओरडलं, हातपाय झाडायला लागलं, की पटकन उचलून बाहेर नेता यावं म्हणून. तू त्यांना एकेक करून पहिल्या बाकावर आणलंस. दोन वर्षांत पाच कुटुंबं झाली. मंडळीतले काही उत्साही लोक त्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून मोठमोठ्यानं बरं होण्याची प्रार्थना करायचे, मुलं दचकायची. एकदा तू एका काकांचा हात चक्क उचलून बाजूला ठेवलास आणि घरी येऊन मला म्हणालीस, "आगं, तिला काय झालंय ते देवाला ठाऊक न्हाई का? तिला भूक लागलीय. आधी तिला वाढा म्हणावं." मी हसले होते. तू हसली नव्हतीस.

प्रभुभोजनाची तुझी पद्धत सगळ्या चर्चला पाठ झाली होती. आपण तिला भाकर म्हणतो, इथे असते ती ब्रेडच. त्या ब्रेडचा तुकडा तू मसुराच्या दाण्याएवढा मोडायचीस, स्टीलच्या छोट्या वाटीत द्राक्षरसात टाकायचीस आणि अगदी लगदा होईपर्यंत थांबायचीस. मग हनुवटी थोडी खाली, चमचा गालाच्या आतल्या बाजूला, आणि नजर गळ्यावर. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की एक झालं. ते होईपर्यंत पादरीसाहेबांनी आमेन म्हणायचं नाही, असं तू त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतंस. सगळी मंडळी ताटकळत बसलेली असायची. मागून घसे खाकरले जायचे, घड्याळं बघितली जायची. मी एकदा तुझ्या कानाशी कुजबुजले, "आई, लोक वैतागलेत." तू मान न वळवता म्हणालीस, "बसू दे. देवाला कुठं गाडी गाठायचीय?" आणि या सगळ्यात त्या आईबापांना तू जे दिलं होतंस ते वेगळंच होतं. त्यांनी मोकळ्या हातानं वेदीपाशी जायचं, गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे. त्यांची मुलं तोवर आपल्या ताब्यात. पाच मिनिटं. आंटी मला एकदा म्हणाल्या होत्या, आठवड्यात माझी अशी एवढीच पाच मिनिटं असतात.

दीदी माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी होती. तिला बोलता येत नव्हतं, हातपाय तिचं ऐकत नव्हते, पण प्रवचन लांबलं की ती अशी काही जांभई द्यायची की पहिल्या दोन बाकांवर हशा पिकायचा. माझ्या बांगड्या तिला आवडायच्या. मनगट पकडलं की सोडायची नाही. मला ती आवडत होती, आई, हे मी आज शपथेवर सांगते. फक्त तिची लाळ मला नको व्हायची. एकोणीस वर्षांची होते मी. बाकी सगळं करायचे, खुर्ची ढकलायचे, केस विंचरायचे, पण तोंड पुसायची वेळ आली की कुणाला तरी हाक मारायचे. तू ते पाहिलं असणार. तू सगळंच पाहायचीस.

तो रविवार मार्चमधला. मी नवा पांढरा कुर्ता घातला आहे, चिकनकारीचा. उपासनेनंतर मैत्रिणी सेक्टर १७ मध्ये कारंज्यापाशी भेटणार आहेत. तू दीदीशेजारी वाटी घेऊन बसली आहेस, रस ओतला आहेस, आणि तेवढ्यात पलीकडच्या एका मुलाची पँट ओली होते. त्याचे आईवडील वेदीपाशी. तू उठतेस, वाटी माझ्या हातात देतेस. "भिजू दे नीट. मी आलेच." आणि त्याला बाजूच्या खोलीत घेऊन जातेस. माझ्या एका हातात वाटी, दुसऱ्या हातात ब्रेडचा तुकडा. समोर आंटींची पाठ दिसते, निळी शाल, वाकलेली मान. मी त्या लालभडक रसाकडे बघते. तो लाळेत मिसळून ओघळणार, माझ्या बाहीवर पडणार, आणि मग मी मैत्रिणींपुढे तशीच जाणार, हे सगळं मला दिसतं. तुकडा तसा लहानच होता. मी तो वाटीत टाकलाच नाही. दोन बोटांच्या टोकांनी तिच्या ओठांत ठेवला आणि बोटं रुमालाला पुसली. ती दोनतीनदा खोकली. मी पाठीवर थोपटलं. पादरीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि ते आमेन म्हणाले. मी गळ्याकडे पाहिलं नव्हतं. आंटी परत आल्या, मुलीच्या कपाळाचं चुंबन घेतलं, आणि मी बस पकडून सतरा सेक्टरला गेले. गोलगप्पे खाल्ले. कुर्त्याला डाग पडला नाही.

संध्याकाळी तू पिठलं ढवळत होतीस. माझ्याकडे पाठ करूनच विचारलंस, "भिजली होती का गं?" मी म्हणाले, "हो." तू म्हणालीस, "बरं." एवढंच. पण तू का विचारलंस? ती वाटी तूच धुतली होतीस. त्यात रस जसाच्या तसा होता, एक कण तळाला नव्हता. हे मला तेव्हा सुचलं नाही, नंतर कित्येक वर्षांनी शाळेत एका तासाला फळ्यावर लिहिता लिहिता सुचलं आणि हातातला खडू तसाच राहिला.

त्या दुपारी दीदीनं घरी काही खाल्लं नाही आणि रात्री तिला ताप आला. दहा दिवस हॉस्पिटलात होती, मग गेली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात काहीतरी गेलं. अशा पेशंटचं स्वतःच्या लाळेनंही असं होतं, आधीपासूनही असू शकेल, नक्की सांगता येत नाही. हे "नक्की सांगता येत नाही" मी सत्तावीस वर्षं उराशी धरून बसले आहे. कधी त्यानं बरं वाटतं, कधी वाटतं की नक्की सांगितलं असतं तर निदान झोप तरी लागली असती.

चर्चची कमिटी बसली. मी मागे दरवाजापाशी उभी होते. कुणीतरी विचारलं, "किसने खिलाया था?" आणि तू म्हणालीस, "मैंने." इतक्या सहज, जणू भाजी कोणी केली म्हणून कुणी विचारलंय. माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाहीस. त्या दिवशी मान मी हलवली होती हे पादरीसाहेबांना ठाऊक होतं, तरी त्यांनी तुझा शब्द तसाच वहीत उतरवला. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. तोंडाला कुलूप लागणं म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं. चावी माझ्याच मुठीत होती. कमिटीनं ठरवलं की यापुढे अशा व्यक्तींना भाकर नाही, पादरीसाहेब डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतील. कमिटीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. ती पाच कुटुंबं हळूहळू परत दाराजवळ सरकली आणि मग दाराबाहेर. वर्षभरात पहिला बाक रिकामा झाला. तू शेवटच्या बाकावर बसायला लागलीस.

पंधरा दिवसांनी आंटी आपल्या घरी आल्या होत्या. मी कोथिंबीर निवडत होते. तू चहा ठेवलास. त्या भांडायला आल्यात असं मला वाटलं, पण त्यांनी हळू आवाजात विचारलं, "सिस्टर, बता दो, उस दिन उसने कैसे खाया?" तू ओट्याला टेकून उभी होतीस. चहा उतू गेला. मग तू म्हणालीस, "याद नहीं, जी." आंटी उठल्या. "याद नहीं?" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर तुझ्याशी त्या कधी बोलल्या नाहीत. तुझ्या मातीलाही आल्या नाहीत. तू काय सांगणार होतीस? तू तिथे नव्हतीसच. मी पाच फुटांवर बसून कोथिंबिरीची देठं मोडत होते.

तेव्हापासून माझं काय झालं ते कुणाला दिसत नाही, कारण दिसण्यासारखं काही नाही. मला पाण्याचा घोट घेतल्याशिवाय पोळी गिळता येत नाही. हे मला चिडवतात, म्हणतात, तुझ्या ताटात पोळी कमी आणि पाणी जास्त. चर्चमध्ये कुणी खोकलं की माझा हात आपोआप वर उठतो, पाठ थोपटायला. आमेनच्या आधीची ती शांतता आता कुणी पाळत नाही, सगळं भराभर उरकतं, पण माझ्यापुरती ती अजून होते आणि त्या वेळी तू माझ्या मागे उभी असतेस. मला भुताखेतांवर विश्वास नाही, तुझाही नव्हता. पण डेटॉल आणि पाँड्स पावडरचा वास येतो. मी वळून बघत नाही. बघितलं तर तू विचारशील, भिजली होती का गं.

तुझ्या शेवटच्या महिन्यात मी तुला भरवत होते. मऊ भात, ताकात कालवलेला. हनुवटी खाली, चमचा गालाशी, नजर गळ्यावर. सगळं तुझ्याच पद्धतीनं. एकदा तू घास गिळलास, माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस आणि म्हणालीस, "आता नीट देतीस गं." मी पाणी आणायचं निमित्त करून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून रडले. तू मला रागावली असतीस तर बरं झालं असतं. सगळ्या गोष्टींवरून रागवायचीस, गाठ नीट मारली नाही म्हणून, ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून. आणि या एका गोष्टीवर एक शब्द नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण आई, ती मूठ तू माझ्यासाठी झाकलीस आणि माझी बोटंही आतच अडकली.

आता आज का गेले ते सांगते. मोहालीत आयटीत नोकरी करणारं एक जोडपं दिवाळीपासून आपल्या चर्चमध्ये येतं. कोल्हापूरकडचे आहेत. मी मुलाला फोनवर मराठीत ओरडत होते ते ऐकून ती बाई धावतच आली, "ताई, तुम्ही मराठी?" त्यांची मुलगी नऊ वर्षांची आहे, चाकांच्या खुर्चीत असते, दीदीसारखीच. पादरीसाहेब तिच्या डोक्यावर हात ठेवून पुढे जातात आणि ती तोंड उघडं ठेवून ताटाकडे बघत राहते. ताट पुढच्या माणसाकडे गेलं तरी तिचं तोंड उघडंच. चार रविवार तिच्या आईनं हे सोसलं आणि मग कमिटीत येऊन विचारलं, "हिला का नाही?" आता मीही कमिटीवर आहे. एक नवे सद्गृहस्थ समजावणीच्या सुरात म्हणाले, "बहनजी, बहुत साल पहले एक हादसा हुआ था. कोई नर्स थीं, उनसे लापरवाही हो गई." त्यांना ठाऊक नव्हतं मी कोण ते. बाकीच्यांना ठाऊक होतं, ते कागद चाळू लागले. लापरवाही! तुझ्याकडून! मी उभी राहिले आणि म्हणाले, "वो नर्स मेरी माँ थी. और खिलाया मैंने था. बिना भिगोए." ती कोल्हापूरची बाई माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही आपल्या मुलीला माझ्या वाऱ्यालाही उभी करणार नाही.

आताचे पादरीसाहेब तरुण आहेत, पण पोक्त. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले की नियम बदलू, माझी काही हरकत नाही, पण ज्या आईची मुलगी गेली ती याच शहरात आहे. तिला न विचारता हे सुरू करणं बरं नाही. त्या हो म्हणाल्या तर येत्या रविवारपासून देऊ. नाही म्हणाल्या तर मी आग्रह धरणार नाही. म्हणजे त्या नऊ वर्षांच्या मुलीचा घास आंटींच्या शब्दावर, आणि आंटींचा शब्द माझ्या तोंडावर.

आंटी आता अठ्ठ्याहत्तरच्या आहेत. व्हरांड्यात उन्हाला बसून मटार सोलत होत्या. मला ओळखलं. "तू सिस्टर दी कुड़ी ऐं ना? बैठ." मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कारण बसले असते तर सांगितलं नसतं. वाटी, कुर्ता, सतरा सेक्टर, "हो" म्हणाले ते, तू "मैंने" म्हणालीस ते. त्या मटार सोलत राहिल्या. एक शेंग, दुसरी शेंग. मग विचारलं, "तेरी माँ ने झूठ क्यों बोला?"

"मुझे बचाने के लिए, आंटीजी."

"तुझे तो बचा लिया." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "और मुझे? मैं लड़ने थोड़ी आई थी. पूछने आई थी. मेरी बच्ची ने आख़री बार अपने मुँह से क्या खाया, कैसे खाया. उसके बाद तो नली लग गई. सिस्टर बोली, याद नहीं. मैंने सोचा, पत्थर है यह औरत. इतने साल मैंने उसे पत्थर समझा."

आई, तू मला वाचवलंस तेव्हा तिच्याकडून काय काढून घेतलंस, हे तुझ्या लक्षात आलं होतं का? चहा उतू गेला त्या क्षणी आलं असणार. तरी तू गप्प राहिलीस. त्याबद्दल मला तुझा राग आहे, खरंच राग आहे, आणि हा राग मला परवडत नाही, कारण तू जे केलंस ते माझ्यासाठी केलंस.

मग आंटींनी शेंगांची परात बाजूला सरकवली आणि माझं मनगट धरलं. "तू थी वहाँ. तू बता. कैसा था मुँह उसका, जब खाया?"

मी म्हणाले, "हँस रही थी, आंटीजी. एकदम ख़ुश. दूसरा टुकड़ा माँग रही थी."

त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना. "माँगती थी!" त्या म्हणाल्या. "घर पे भी रोटी का कोना माँगती थी, कड़क वाला. मैं डर के मारे देती नहीं थी. ले, आख़िर खा के गई." हसल्या, रडल्या, पदरानं डोळे पुसले, पुन्हा विचारलं, "सच्ची? माँग रही थी?" मी तीनदा सांगितलं. प्रत्येक वेळी थोडं जास्त. निघताना त्यांनी सोललेले मटार पिशवीत भरून माझ्या हातात कोंबले आणि म्हणाल्या, "दे देना उस बच्ची नूँ. पर भिगो के देना, हाँ." मी पादरीसाहेबांना फोन करून कळवलं. कोल्हापूरच्या बाईलाही केला. ती म्हणाली, "ताई, तुम्हीच भरवाल का? तुम्ही तरी विसरणार नाही." रविवार परवावर आला आहे.

हे पत्र मी कुठे ठेवणार नाही आणि कुणाला देणार नाही. लेक आत्ता डोकावून गेला, "मम्मा, इतना क्या लिख रही हो?" म्हणाले, किराण्याची यादी. त्याला मराठी समजतं, वाचता येत नाही, तेव्हा टेबलावर उघडं पडलं तरी हरकत नाही. फक्त एक गोष्ट राहिली, ती पादरीसाहेबांना सांगितली नाही आणि आंटींना तर आता जन्मात सांगता यायची नाही. दीदी हसत होती का, दुसरा तुकडा मागत होती का, मला ठाऊक नाही, आई. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. मी माझी बाही सांभाळत होते.